अर्धी पाटी इस्तंबूलला, अर्धी फिलाडेल्फियाला: सॅम्युएल नोआ क्रेमर आणि सुमेरचं हरवलेलं साहित्य

इनन्ना नावाच्या देवीने पाताळात उतरायचं ठरवलं. वाटेतल्या सात दरवाजांवर एकेक करून तिचे दागिने आणि वस्त्रं काढून घेतली गेली, आणि शेवटी तिचं प्रेत खुंटीला टांगलं गेलं. ही सुमेरी, म्हणजे दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेर संस्कृतीतली, कथा साधारण 3700 वर्षांपूर्वी, आजच्या इराकमधल्या निप्पुर शहरात, कुणीतरी मातीच्या एका मोठ्या पाटीवर लिहिली. पुढे कधीतरी पाटी मधोमध फुटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी पथकाने निप्पुर खणलं तेव्हा तिचा वरचा भाग इस्तंबूलच्या संग्रहालयात गेला आणि खालचा फिलाडेल्फियाच्या. आपल्याकडच्या तुकड्याचा उरलेला भाग कुठे आहे, याचा पत्ता दोन्हीकडे कुणाला नव्हता. हे दोन तुकडे एकाच पाटीचे आहेत, हे एडवर्ड कियेरा या अभ्यासकाच्या ध्यानात आलं. कियेरांच्या मागे अशाच जोडण्या करण्यात ज्यांनी जवळजवळ साठ वर्षं घातली, ते सॅम्युएल नोआ क्रेमर.

पुरातत्त्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुदळ, घमेलं आणि मातीचे ढिगारे येतात. क्रेमर यांनी प्रत्यक्ष उत्खनन फार थोडं केलं. त्यांनी जे शोधलं ते आधीच खणून काढलेलं होतं, त्यावर क्रमांक पडलेले होते, आणि ते संग्रहालयांच्या कपाटांत चाळीस-पन्नास वर्षं तसंच पडून होतं. जगातलं सगळ्यात जुनं मोठं साहित्य आपल्या हाती आलं ते या कपाटांमधून. म्हणून त्यांच्या आयुष्याबरोबरच त्यांची कामाची पद्धतही समजून घ्यायला हवी.

क्रेमर यांचा जन्म 1897 चा, रशियन साम्राज्यातल्या झाश्किव गावचा. हे गाव आता युक्रेनमध्ये आहे. घर धार्मिक ज्यू वळणाचं, त्यामुळे हिब्रू लहानपणापासून कानावर आणि जिभेवर. त्या काळी रशियात ज्यू वस्त्यांवर पुन्हा पुन्हा हल्ले होत होते. 1905 च्या सुमारास कुटुंबाने देश सोडला आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाला बिऱ्हाड थाटलं. वडिलांनी तिथे हिब्रू शिकवणारी शाळा काढली. मुलगा शिकला, पदवीधर झाला, वडिलांच्या शाळेत शिकवू लागला. लेखन करून पाहिलं, धंद्यात पडून पाहिलं. कशातच जम बसेना.

तिशी जवळ आली तेव्हा त्यांच्या मनाने घेतलं की लहानपणापासून जे हिब्रू अंगी मुरलेलं आहे, त्याचाच आधार घेऊन पुढे जावं. आधी ते फिलाडेल्फियाच्या ड्रॉप्सी कॉलेजात गेले, मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एफ्राइम स्पायझर यांच्या हाताखाली. स्पायझरही ज्यू, तेही पूर्व युरोपातून आलेले, आणि वयाने क्रेमर यांच्यापेक्षा चारेक वर्षांनी लहान. गुरू लहान आणि शिष्य मोठा, याचं दोघांनाही काही वाटलं नाही असं दिसतं. 1929 मध्ये क्रेमर यांना डॉक्टरेट मिळाली. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. विद्वत्तेच्या क्षेत्रात हा उशीरच म्हणायचा.

इथपर्यंत त्यांचा विषय अक्कादी भाषेचा होता. अक्कादी म्हणजे बाबिलोन आणि अॅसिरिया इथली भाषा. ती सेमिटिक कुळातली, म्हणजे हिब्रू आणि अरबीची जवळची नातलग. हिब्रू येणाऱ्याला तिथे पाय रोवता येतात. सुमेरी मात्र वेगळीच निघाली. तिचं नातं जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषेशी आजवर जोडता आलेलं नाही. जिची एकही बहीण नाही आणि जी बोलणारा शेवटचा माणूस जाऊन सुमारे चार हजार वर्षं झाली, ती भाषा वाचायची कशी?

दाराआडचं दार

सुमेरी थेट कुणालाच उलगडली नाही. ती उलगडली अक्कादीच्या दारातून, आणि अक्कादी उलगडली जुन्या फारसीच्या दारातून.

इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारयवहु राजाने एकच मजकूर तीन भाषांत कोरून ठेवला आहे: जुनी फारसी, एलामी (नैर्ऋत्य इराणमधल्या प्राचीन एलाम राज्याची भाषा) आणि बाबिलोनी. तिन्हींची लिपी कीलाकार, म्हणजे क्यूनिफॉर्म. खिळ्यांच्या डोक्यांसारख्या दिसणाऱ्या खुणांची ही लिपी. जुन्या फारसीचं अवेस्ताशी आणि संस्कृतशी नातं असल्यामुळे ती आधी सुटली, आणि तिच्या मदतीने बाबिलोनी, म्हणजे अक्कादी. तरीही शंका घेणारे पुष्कळ होते. हे चार लोक आपापल्या मनाने काहीही वाचत नसतील कशावरून? 1857 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने याचा निकाल लावला. नव्याने मिळालेला एक लेख रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपेर या चौघांनी स्वतंत्रपणे वाचायचा आणि भाषांतर बंद लिफाफ्यात द्यायचं. लिफाफे उघडले तेव्हा चौघांचे अर्थ मुख्य बाबतींत जुळले होते.

यातले ज्यूल ओपेर मूळचे हॅम्बुर्गचे ज्यू. जर्मनीत ज्यू माणसाला विद्यापीठात जागा मिळणं कठीण, म्हणून ते फ्रान्सला गेले. (त्यांनी संस्कृतचं व्याकरणही लिहिलं, आणि त्यांचे धाकटे बंधू गुस्ताव पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते.) अक्कादी पाट्यांवर मध्येच एक परकी भाषा डोकावते, हे तोवर ध्यानात आलं होतं. 1869 मध्ये ओपेर यांनी तिला ‘सुमेरी’ हे नाव दिलं. पॅरिसमधलेच दुसरे ज्यू विद्वान जोसेफ हालेवी यांनी मात्र वर्षानुवर्षं उलट बाजू लावून धरली. त्यांचं म्हणणं, सुमेरी नावाची भाषाच नव्हती, ती बाबिलोनच्या पुरोहितांची गुप्त लिहिण्याची रीत होती. पुढे दक्षिण इराकमध्ये तेल्लो इथे खोदकाम झालं, शुद्ध सुमेरी लेख ढिगांनी निघाले, आणि वाद हळूहळू विझला.

सुमेरी वाचता येण्याचं श्रेय खरं तर बाबिलोनच्या शाळामास्तरांना द्यायला हवं. बोलीभाषा म्हणून सुमेरी इ.स.पू. 2000 च्या आगेमागे संपत आली, पण आपल्याकडच्या संस्कृतसारखी ती पुढेही शिकवली जात राहिली. अक्कादी बोलणाऱ्या मुलांना सुमेरी शिकवायची म्हणून शब्दांच्या याद्या बनल्या: एका बाजूला सुमेरी शब्द, दुसऱ्या बाजूला अक्कादी अर्थ. काही पाट्यांवर सुमेरी ओळीखाली तिचं अक्कादी भाषांतर असायचं. निनेव्हेच्या अशुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात अशा पाट्या भरपूर मिळाल्या. म्हणजे शब्दकोश आणि व्याकरणाच्या वह्या तयारच होत्या, फक्त त्या मातीच्या होत्या.

व्याकरणाची थोडी चव घेऊ. मराठी माणसाला ती इंग्रज किंवा जर्मन माणसापेक्षा लवकर कळेल असं मला मनापासून वाटतं. सुमेरमधल्या उर शहराचा राजा उर-नम्मू याच्या विटांवर हा मजकूर सापडतो:

नन्ना, लुगल-आ-नी, उर-नम्मू, लुगल उरिम-मा-के, ए-आ-नी मु-ना-दू, बाद उरिम-मा मु-ना-दू.

अर्थ असा: नन्ना (हा चंद्रदेव), आपला राजा, याच्यासाठी उर-नम्मू, उरचा राजा, याने त्याचं मंदिर बांधलं, उरचा तट बांधला. ‘लुगल’ म्हणजे राजा, ‘आ-नी’ म्हणजे त्याचा, ‘ए’ म्हणजे घर, आणि देवाचं घर म्हणून मंदिर. ‘बाद’ म्हणजे तट. ‘दू’ हा धातू, बांधणे. त्याच्या आधी आलेल्या ‘ना’मध्ये ‘त्याच्यासाठी’ हा अर्थ भरलेला आहे. कुणासाठी बांधलं हे नामाला प्रत्यय लावून सांगायचंच, शिवाय क्रियापदाच्या पोटातही घालायचं, ही सुमेरीची खोड.

आता ‘उरिम-मा-के’ पाहा. शेवटच्या ‘के’त दोन प्रत्यय एकमेकांत मिसळले आहेत: षष्ठीचा ‘चा’ आणि कर्त्याचा ‘ने’. हा ‘ने’ सुमेरीत सकर्मक क्रियेच्या कर्त्याला लागतो, अकर्मक क्रियेच्या कर्त्याला लागत नाही. आपण नाही का म्हणत, ‘राजा गेला’, पण ‘राजाने घर बांधलं’? मराठीत भूतकाळात जे घडतं तसंच काहीसं हे आहे. युरोपातल्या विद्वानांना हा प्रकार घरचा नव्हता, आणि सुमेरी वाक्यात कोण काय करतं आहे यावर त्यांना बरंच डोकं झिजवावं लागलं. शिवाय हा ‘ने’ प्रत्येक शब्दाला न लागता अख्ख्या पदसमूहाच्या शेवटी एकदाच येतो.

लिपी याहून त्रासदायक. एकच खूण ‘आन’ म्हणून वाचली तर आकाश, ‘दिंगिर’ म्हणून वाचली तर देव, आणि पुष्कळदा नुसता ‘आन’ हा आवाज. कुठे काय घ्यायचं ते आजूबाजूच्या मजकुरावरून ठरवायचं. आणि आजूबाजूचा मजकूरच फुटून गेला असेल तर?

फुटलेल्या पाट्यांचं गणित

1930 मध्ये क्रेमर इराकला गेले. फारा इथल्या उत्खननात लेख वाचण्याचं काम त्यांच्याकडे होतं. फारा म्हणजे प्राचीन शुरुप्पक, महापुरातून वाचलेल्या राजाचं गाव म्हणून सुमेरी कथांमध्ये प्रसिद्ध. तिथून परतल्यावर 1932 मध्ये शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमध्ये अक्कादी शब्दकोशाच्या कामावर ते रुजू झाले. आयुष्याला वळण मिळालं ते तिथे. सुमेरीचं पहिलं भरवशाचं व्याकरण 1923 मध्ये लिहिणारे आर्नो पोबेल तिथे होते. क्रेमर त्यांच्याकडे सुमेरी शिकले, आणि आपले खरे गुरू म्हणून पुढे आयुष्यभर पोबेलांचंच नाव घेत राहिले. 1933 मध्ये कियेरा अकाली वारले. त्यांनी हाताने उतरवून ठेवलेल्या शेकडो साहित्यिक मजकुरांच्या प्रती छापायच्या राहून गेल्या होत्या. ते काम क्रेमर यांच्याकडे आलं, आणि त्या प्रती तपासता तपासता त्यांना आपला विषय सापडला.

आधी निप्पुरची वाटणी समजून घ्यावी लागेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने 1889 ते 1900 या काळात तिथे खणून सुमारे तीस हजार पाट्या आणि तुकडे काढले. त्यांतल्या बहुतेक हिशेबाच्या: किती जव आला, किती मेंढ्या गेल्या. साहित्याच्या पाट्या काही हजारच. तेव्हा हा मुलूख ऑटोमन साम्राज्यात होता, त्यामुळे एक वाटा इस्तंबूलला गेला, मोठा वाटा फिलाडेल्फियाला, आणि काही तुकडे मोहिमेतले जर्मन विद्वान हिल्प्रेख्त यांच्या संग्रहात, जो पुढे जर्मनीतल्या येना विद्यापीठाकडे गेला. वाटणी करताना कुणी मजकूर वाचून केली नाही. तेव्हा तो नीट वाचता येत नव्हता. त्यामुळे एका काव्याचे दहा तुकडे तीन देशांत पांगले.

तुकडे जोडता येतात ते एका कारणामुळे. हे साहित्य आपल्यापर्यंत आलं आहे ते बव्हंशी शाळकरी मुलांच्या गिरवण्यातून. इ.स.पू. 1800 ते 1700 च्या सुमारास निप्पुरमध्ये लेखनिक होऊ घातलेली मुलं ठरावीक काव्यं पुन्हा पुन्हा उतरवून काढत. म्हणून एकाच काव्याच्या पाच, दहा, कधी पन्नास प्रती. एकीचा वरचा कोपरा उडालेला, दुसरीचा खालचा, तिसरी अर्धीच लिहिलेली. पण एका प्रतीतली पंधरावी ते तिसावी ओळ आणि दुसरीतली पंचविसावी ते चाळिसावी ओळ मिळाली की मधल्या सहा ओळी दोन्हींत सारख्या निघतात, आणि त्यांच्या जोरावर पंधरा ते चाळीस अशी सलग लांबी हाताशी येते. एखादा मुलगा चुकला असेल तर दुसऱ्याची प्रत ते सांगते. अशा दुव्यांनी ओळ ओळ वाढवत जायचं.

सांगायला हे सोपं. करताना अभ्यासकाला शेकडो फुटके मजकूर तोंडपाठ असावे लागतात, कारण तुकड्यावर नाव नसतं. तीन बोटं रुंदीच्या तुकड्यावर चार अर्धवट ओळी, त्यात ‘देवी’, ‘दरवाजा’ आणि एक अर्धं क्रियापद. हे कुठल्या काव्यातलं, हे आठवणीतूनच उमटलं पाहिजे. पाटी वाचण्याचीही एक रीत असते. उजेड समोरून पडला तर खुणा सपाट होऊन दिसेनाशा होतात. तो बाजूने तिरपा यावा लागतो, म्हणजे प्रत्येक खुणेच्या खळग्यात सावली धरते. पाटी हातात फिरवत, सावली सरकवत एकेक खूण कागदावर काढायची. अभ्यासक याला ‘प्रत करणं’ म्हणतात. छायाचित्रात एकच प्रकाश गोठलेला असतो, म्हणून फुटक्या पाट्यांच्या बाबतीत डोळा आणि हात यांनाच मान होता.

1937 मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून क्रेमर इस्तंबूलला गेले आणि दीडशेहून अधिक साहित्यिक तुकड्यांच्या प्रती करून आले. परतल्यावर फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या तुकड्यांशी त्या ताडून पाहू लागले. 1940 मध्ये उर शहराच्या विनाशाचं चारशेहून अधिक ओळींचं विलापकाव्य त्यांनी छापलं. एलामी सैन्याने उर उद्ध्वस्त केलं त्या घटनेवरचं हे काव्य. नगरदेवी निंगल तिथे देवांच्या सभेपुढे रडते, माझं शहर पाडू नका म्हणून विनवते, आणि देव ऐकत नाहीत. 1944 मध्ये सुमेरी पुराणकथांवरचं पुस्तक आलं. 1948 मध्ये ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक आणि संग्रहालयाच्या पाटी-विभागाचे अभिरक्षक झाले, आणि वीस वर्षं त्या पदावर राहिले.

फिलाडेल्फियातली एक पाटी मला यात फार मोलाची वाटते. लांबी साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास, रुंदी त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे तळहातात मावून वर जागा उरेल एवढी. तिच्यावर अतिशय बारीक अक्षरात दोन रकान्यांत छोटे छोटे शब्दगट आहेत. वाचलं तर सलग अर्थ लागत नाही. क्रेमर यांच्या लक्षात आलं की यातले काही शब्दगट आपल्या ओळखीच्या काव्यांच्या पहिल्या ओळी आहेत. पाटीवर होती ती ग्रंथांची यादी! त्या काळी काव्याला शीर्षक नसे, पहिली ओळ हेच नाव. यादीत 62 नावं, आणि क्रेमर यांनी त्यांतली 24 ओळखली. आधीच्या माणसांनाही ही पाटी दिसली असणार, पण आधी ती काव्यं डोक्यात असल्याशिवाय ती यादी आहे हे कळणारच नव्हतं.

शाळा आणि कायदा

सुमेरी साहित्य म्हणजे देवादिकांच्याच गोष्टी असं नाही. क्रेमर यांनी 1949 मध्ये एक छोटी रचना छापली. फिलाडेल्फिया, इस्तंबूल आणि पॅरिसच्या लूव्रमधल्या वीसहून अधिक प्रती-तुकड्यांवरून ती सिद्ध केलेली. विषय, एका विद्यार्थ्याचा दिवस.

मुलाला विचारतात, तू शाळेत काय केलंस? तो सांगतो: पाटी वाचली, डबा खाल्ला, नवी पाटी केली, लिहिली, पुरी केली. घरी येऊन वडिलांना वाचून दाखवली, वडील खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवा म्हणतो, उशीर झाला तर गुरुजी मारतील. आई दोन भाकऱ्या देते, आणि हा निघतो. तरी उशीर होतोच. ‘उशीर का?’ असं दारात विचारलं जातं तेव्हा छाती धडधडत असते. मग दिवसभर मार: बोललास म्हणून, उभा राहिलास म्हणून, दाराबाहेर गेलास म्हणून, आणि अक्षर चांगलं नाही म्हणून. शेवटी मुलगा वडिलांना सुचवतो की गुरुजींना घरी जेवायला बोलवा. गुरुजी येतात, मानाच्या आसनावर बसतात. वडील त्यांना खाऊपिऊ घालतात, नवं वस्त्र नेसवतात, बोटात अंगठी घालतात. गुरुजींचा सूर पालटतो, आणि आता या मुलासारखा दुसरा मुलगा नाही!

चार हजार वर्षांपूर्वीच्या मुलाच्या छातीची धडधड आपल्याला आज वाचता येते, ती क्रेमर यांनी तीन शहरांतले तुकडे शेजारी ठेवले म्हणून. राजांच्या याद्यांतून ही माणसं कधी दिसली नसती.

कायद्याच्या पाटीची कथा याहून वेगळी, कारण त्यात दुसऱ्याच्या पत्राचा हात आहे. क्रेमर 1951-52 मध्ये पुन्हा इस्तंबूलला होते. त्यांना फ्रिट्झ क्राउस यांचं पत्र आलं. क्राउस हे नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलला आलेले विद्वान. तिथल्या संग्रहालयात त्यांनी अनेक वर्षं पाट्या लावण्याचं काम केलं होतं आणि आता ते दुसरीकडे होते. त्यांनी लिहिलं की पूर्वी दोन तुकडे माझ्या हाती आले होते, त्यांवर सुमेरी कायदे दिसत होते, मी ते जोडून 3191 या क्रमांकाने ठेवले आहेत, तुम्ही बघा. क्रेमर यांनी पाटी मागवली. सुमारे 20 सेंटीमीटर लांब आणि 10 सेंटीमीटर रुंद, फिकट तपकिरी, अर्ध्याहून अधिक मजकूर झिजलेला. कित्येक दिवस डोळे ताणून वाचल्यावर उर-नम्मू राजाचं नाव दिसलं. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाच्या प्रसिद्ध संहितेपेक्षा सुमारे तीनशे वर्षं जुनी संहिता हाती आली होती.

प्रस्तावनेत राजा म्हणतो की मी वजनंमापं ठरवून दिली, अनाथ श्रीमंताच्या हाती जाणार नाही, विधवा बलवंताच्या हाती जाणार नाही, एका शेकेलचा धनी एका मिनाच्या धन्याच्या हाती जाणार नाही असं पाहिलं. शेकेल आणि मिना ही चांदी तोलायची वजनं, एका मिनात साठ शेकेल. पुढच्या कलमांत दुसऱ्याचा पाय तोडला तर दहा शेकेल चांदी, हाड मोडलं तर एक मिना, अशा भरपाया आहेत. हम्मुराबीचं ‘डोळ्याला डोळा’ इथे नाही. त्या वेळी पाच कलमंच धड लागली. त्यावरून सुमेरी कायदा दंडावर भागवणारा असं चित्र रंगलं. पुढे आणखी तुकडे मिळाले आणि खुनाला मृत्युदंड होता हे समजलं. तुकड्यांवर उभ्या राहिलेल्या ज्ञानाला अशी दुरुस्ती मधून मधून सोसावीच लागते. ही संहिता उर-नम्मूची नसून त्याचा मुलगा शुल्गी याची असावी, असं 1983 मध्ये खुद्द क्रेमर यांनीच मांडलं. तेव्हा ते पंचाऐंशी ओलांडलेले होते.

इस्तंबूलच्या कामात तिथल्या मुअझ्झझ चू आणि हातिजे कझलयाय या दोन तुर्की विदुषींचं नाव घेतलंच पाहिजे. क्राउस यांच्याबरोबर आणि नंतरही हजारो पाट्या साफ करून, क्रमांक देऊन त्या लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सुमेरी साहित्याच्या तुकड्यांचा मोठा संग्रह त्यांनी क्रेमर यांच्यासोबत छापला. त्यांनी पाट्या लावल्या नसत्या तर 3191 मागवता आली नसती.

बायबल, दिल्मुन आणि टीका

1956 मध्ये क्रेमर यांचं सामान्य वाचकांसाठीचं पुस्तक आलं. पुढच्या आवृत्तीत त्याला ‘इतिहासाची सुरुवात सुमेरमध्ये’ या अर्थाचं नाव मिळालं, आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली. पहिली शाळा, पहिलं ग्रंथांच्या यादीचं टिपण, पहिलं प्रेमगीत असे एकेक ‘पहिलं’ घेऊन लिहिलेलं हे पुस्तक. नेमकं हेच नंतरच्या अभ्यासकांना खटकलं. सगळ्यात जुनं सापडलेलं म्हणजे सगळ्यात पहिलं असं होत नाही, हा त्यांचा आक्षेप मला पटतो. भाषांतरांतही बऱ्याच जागा आता बदलल्या आहेत. पण इजिप्त आणि ग्रीसच्या पलीकडे ज्यांचं लक्ष जात नव्हतं अशा लाखो वाचकांना सुमेर ठाऊक झालं ते याच पुस्तकामुळे.

हिब्रू शिक्षकाच्या या मुलाने आणखी एक अवघड गोष्ट केली. बायबलमधल्या महापुराच्या आधीची महापुराची कथा, बायबलमधल्याच ईयोबासारख्या निरपराध भोगणाऱ्या माणसाची देवापुढची कैफियत, नंदनवनासारखी रोगराई नसलेली भूमी, हे सगळं सुमेरी पाट्यांवर कित्येक शतकं आधी आहे असं त्यांनी ठासून लिहिलं. ज्या ग्रंथावर आपण वाढलो त्याच्या खाली आणखी जुने थर आहेत हे सांगताना त्यांच्या लेखनात कुठे कडवटपणा नाही. सुमेरकडून बाबिलोनकडे, तिथून कनानकडे (आजचा इस्रायल-पॅलेस्टाईनचा परिसर) आणि हिब्रूंकडे गोष्टी कशा झिरपल्या असतील, हे शोधण्यातला आनंदच दिसतो.

ती रोगराई नसलेली भूमी म्हणजे दिल्मुन. ती कुठे असावी यावर क्रेमर यांचं मत आपल्या कुतूहलाचं आहे. दिल्मुन म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश असावा, असं त्यांनी 1960 च्या दशकात मांडलं. सूर्य उगवतो त्या दिशेला, स्वच्छ पाण्याची, जहाजांनी गाठायची भूमी, या सुमेरी वर्णनांवर त्यांचा भर होता. हे मत टिकलं नाही. डॅनिश पथकाने बहरीनमध्ये केलेल्या उत्खननांनंतर दिल्मुन म्हणजे बहरीन आणि आसपासचा भाग हे बहुतेकांनी स्वीकारलं, आणि सिंधूकडचा प्रदेश सुमेरी लेखांतल्या ‘मेलुहा’ या नावाशी जोडला गेला. सुमेर आणि सिंधू यांच्यात समुद्रमार्गे व्यापार होता हे मात्र पक्कं आहे. गुजरातमधल्या लोथल इथे इराणच्या आखाताच्या धाटणीची मुद्रा सापडली आहे, आणि उरच्या थडग्यांत सिंधूकडच्या घडणीचे लांबट अकीक मणी.

1950 च्या दशकात क्रेमर येनालाही गेले आणि हिल्प्रेख्त संग्रहातले तुकडे पाहून आले. निप्पुरची तिन्ही वाटण्यांतली माती अशी एका माणसाच्या नजरेखालून गेली. निवृत्तीनंतर वीस वर्षं ते लिहीतच होते. 1990 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या 93 व्या वर्षी, फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं.

आता या कामाचं रूप पालटलं आहे. पाट्यांची छायाचित्रं आंतरजालावर आहेत, त्यामुळे इस्तंबूल आणि फिलाडेल्फिया यांच्यातलं अंतर पडद्यावरच्या दोन चौकटींएवढं उरलं आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने सुमेरी साहित्याचा मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर असलेला मोठा संग्रह सगळ्यांसाठी मोफत खुला केला आहे. सुमेरी येत नसलं तरी तिथे उरचं विलापकाव्य काढून निंगलची विनवणी वाचा. एकेका ओळीला कोणकोणत्या तुकड्यांचा आधार आहे हे पाहायचं तर जुन्या छापील आवृत्त्यांच्या तळटीपा उघडाव्या लागतील. एकाच ओळीचे चार शब्द चार वेगवेगळ्या क्रमांकांच्या पाट्यांवरून आलेले तिथे सापडतात.